शंभरावं नाव

ओल्शान्का, बुकोव्हिना. २८ जून १९०३, रविवार

आजपासून नवी वही. जुनीत वीस पानं कोरी आहेत आणि पेर्लने ती मोजून दाखवली, पण बायकोला हे कसं समजवायचं? ज्या वर्षी माणूस बासेलच्या महासभेला जाणार, त्या वर्षाला स्वतःची वही हवी.

जाणार म्हणजे, जवळजवळ जाणारच. आम्हा ज्यूंना आपला देश मिळावा म्हणून निघालेल्या झायनी संघटनेच्या इथल्या शाखेचा चिटणीस मी आहे. घटना मला तोंडपाठ आहे. खाली गावोगावच्या शाखा, त्यांच्यावर प्रांताची समिती, तिच्यावर मोठी कार्यसमिती, व्हिएन्नात बसणारी छोटी कार्यसमिती, आणि सगळ्यांच्या वर महासभा. सहा वर्षांत केवढी इमारत उभी राहिली! दोन हजार वर्षं आम्ही नुसते रडलो, आणि आता आमच्याकडे कलमं आणि पोटकलमं आहेत. एकोणीस वर्षं नोटरीच्या कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला ह्याची किंमत कळते. कलम असं आहे की वर्षाचा एक क्राउन भरून ज्याने शेकेलची पावती घेतली तो सभासद, आणि शंभर सभासदांमागे एक प्रतिनिधी. आमचे अठ्ठ्याण्णव झालेत.

घरची हकिगत: शिफ्राताई तशीच. माझी थोरली बहीण रशियातल्या किशिनेव्हहून मे महिन्यात आली, एक गाठोडं घेऊन. ख्रिश्चनांच्या ईस्टरच्या दंगलीत तिचा नवरा योइना गेला, त्याच्याच सुतारकामाच्या दुकानाच्या दारात. ती बोलत नाही. वाढलं तर जेवते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसते. तिच्याकडे बघून वाटतं, हिच्यासाठीच तर ही सगळी खटपट आहे.

५ जुलै, रविवार

सभा झाली. केल्मनने मोजणी केली. केल्मन म्हणजे सिनेगॉगचा म्हातारा सेवक. माणसं मोजली की त्यांच्यावर संकट येतं अशी आमच्या जुन्या लोकांची समजूत, म्हणून तो "एक नाही, दोन नाही, तीन नाही" असं मोजतो. मी म्हटलं, "केल्मन, ही आधुनिक संघटना आहे." तो म्हणाला, "रेब झेलिग, संकटाला काय ठाऊक संघटना आधुनिक आहे ते?" असो. शेवटी "नव्याण्णव नाही" वर गाडी अडकली.

आमचे अध्यक्ष डॉक्टर रोझेनहेक चश्मा पुसत म्हणाले, "झेलिग, शंभरावं नाव तुमच्या घरातच बसलंय की."

माझ्या कसं लक्षात आलं नाही! दुसऱ्या महासभेपासून बायकांनाही मताचा हक्क आहे. युरोपातल्या किती संसदांनी दिलाय? घरी येऊन ताईसमोर पावती ठेवली, तिचा क्राउन मीच भरला. तिने सही केली. मग उठली, गाठोड्यातून तिचा रशियन पासपोर्ट आणला, माझ्या हातात दिला आणि तशीच उभी राहिली.

नाव पासपोर्टाप्रमाणेच नोंदवावं लागतं हे तिला न सांगता कळलं! शेवटी बहीण कुणाची? मी नाव उतरवून घेतलं आणि पासपोर्ट हरवू नये म्हणून संघटनेच्या कागदांबरोबर माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. ती अजून थोडा वेळ उभी होती. मग आत गेली.

१९ जुलै

मी प्रतिनिधी. एकमताने. सभा आमच्याच घरी झाली, पेर्ल आणि ताई आत चहा करत होत्या, त्यामुळे त्यांची मतं घ्यायची राहून गेली. पण एकमत होतंच म्हटल्यावर त्याने काय फरक पडतो?

जेवताना ताई बोलली! आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "नोव्होसेलित्सावरून गाडी रोज सुटते का रे?"

मी तिला प्रेमाने समजावलं, "ताई, ती रशियाच्या हद्दीवरची गाडी. बासेल पार उलट्या दिशेला. मी लेम्बर्ग, क्राकोव, व्हिएन्ना असा जाणार." तिने मान हलवली. पेर्लने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मिठात साखर मिसळली.

२ ऑगस्ट

यरुशलेमचं मंदिर पडल्याचा उपास. फरशीवर बसून विलापगीतं म्हटली, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, डोकं भणभणतंय. पेर्ल म्हणते सिनेगॉगच्या वरच्या सज्जात सगळ्या बायका रडल्या, ताई नाही रडली.

ताईने हल्ली सुताचं वेड घेतलंय. पेर्ल तिला बाजारातून कापसाच्या लडी आणून देते आणि ही त्या उलगडून गुंडे करते. घरभर सूत. परवा माझा पाय अडकून मी कपाटावर आदळलो.

"तिला विचार तरी कशासाठी ते," पेर्ल म्हणाली.

"हाताला काम असलं की मन रमतं. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांना विचारलंस. तिला विचार म्हणतेय मी."

बायकांना प्रत्येक गोष्ट उकरायची खोड असते. संध्याकाळी उपास सोडताना ताईने विचारलं, "एलुल महिना कधी लागतो?"

"तीन आठवड्यांनी. मी तेव्हा बासेलला असेन."

तिचा चेहरा एकदम उतरला. मी इथे नसणार म्हणून. बहिणीची माया, दुसरं काय.

बासेल, २३ ऑगस्ट, रविवार

मांडीवर वही ठेवून लिहितोय, अक्षर वाईट येईल.

एवढं मोठं सभागृह, काळे कोट, सहाशेच्या आसपास प्रतिनिधी, गॅलऱ्या गच्च. मंचामागे दर वर्षी म्हणे यरुशलेमच्या आपल्या देशाचा नकाशा असतो. ह्या वर्षी तिथे आफ्रिकेचा! मला वाटलं, कुण्या शिपायाची चूक. मग महासभेच्या अध्यक्षांनी सांगितलं: इंग्रज सरकार पूर्व आफ्रिकेत आम्हाला जमीन द्यायला तयार आहे, स्वतःचा कारभार, स्वतःचा गव्हर्नर. कायमचं नव्हे, सध्याची सोय. तिकडे पाहणीसाठी मंडळ पाठवायचं की नाही ते आपण ठरवायचं.

टाळ्या झाल्या, पण सगळ्यांच्या नाहीत. माझ्या शेजारचा माणूस कागदाच्या चिंध्या करत बसला होता.

माझ्या डोळ्यांसमोर आधी खिडकीशी बसलेली ताई आली. यरुशलेम मिळेल तेव्हा मिळेल. तिला आज छप्पर हवंय, जिथे ईस्टर आला की दार लावून बसावं लागणार नाही. पण मग दोन हजार वर्षं ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना केली ती दिशा? काही सुचत नाही. कलमांत ह्याचं उत्तर नाही, मी दोनदा शोधलं.

२५ ऑगस्ट

गावाहून तार. "नाही म्हणा. शाखेचा ठराव. रोझेनहेक."

म्हणजे वर्तमानपत्रं तिकडे पोचली. मी घटना पुन्हा काढली. शाखेने प्रतिनिधीला हुकूम द्यावा असं कलम कुठेही नाही. पण पाठवलंय त्यांनीच ना मला? त्यांच्या शंभर नावांवर तर उभा आहे. बिछान्यावर बसून नावं आठवत गेलो. शंभरावर येऊन थांबलो.

२६ ऑगस्ट

एकेकाचं नाव पुकारून मतदान झालं. किशिनेव्हचे प्रतिनिधी उठले आणि म्हणाले, "नाही." ज्यांची घरं जळली तेच नाही म्हणतात! मी हतबुद्ध झालो. मग माझं नाव आलं. मी "हो" म्हणालो. आवाज मलाच परका वाटला.

दोनशे पंच्याण्णव हो, एकशे अठ्ठ्याहत्तर नाही. आम्ही जिंकलो, आणि रशियाचे लोक उठून चालते झाले. काही जण हुंदके देत होते, काही बाहेर जमिनीवर बसले होते, घरात मयत झाल्यासारखे.

जिन्यात किशिनेव्हचा एकजण भेटला. नुसत्या मोज्यांवर बसलेला, बूट सुतकात काढतात तसे बाजूला. मला राहवलं नाही. म्हटलं, "माझी बहीण तुमच्याच गावची. तिच्यासाठी मी हो म्हणालो."

"तिने सांगितलं होतं?"

"सांगण्यासारखी तिची अवस्था नाही हो."

त्याने मान वर केली. "मग तुम्हाला कसं कळलं?"

रशियन लोकांना बोलायची रीत नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

ओल्शान्का, २ सप्टेंबर

स्टेशनवर कुणी नाही. जाताना बँड होता. (दोनच वाजवणारे होते, पण होता.) स्वतःची पेटी स्वतः उचलून घरी आलो. वाटेत खाटकाने पाठ फिरवली.

संध्याकाळी डॉक्टर रोझेनहेक दारात. आत या म्हटलं तर आले नाहीत. "झेलिग, तुम्ही आमचं तोंड घेऊन गेलात आणि त्याने स्वतःचंच बोलून आलात. किशिनेव्हचं रक्त अजून ओलं आहे. त्या लोकांची शेवटची आशासुद्धा आफ्रिकेत पुरायची? तुमच्या बहिणीसमोर मान वर कशी करता?"

"तिच्यासाठीच केलं मी!"

"आम्हीही तिच्यासाठीच म्हणत होतो."

ताई आत होती, सगळं ऐकू जात होतं. पेर्लने तिच्यासमोर सूप ठेवलं. तिने वाडगा बाजूला सारला आणि पुन्हा सूत गुंडाळायला घेतलं. तिलाही हा अपमान लागला बिचारीला.

६ सप्टेंबर, रविवार

काल शब्बाथ होता, लिहिता येत नाही. आज सगळं लिहून काढतो, जसं घडलं तसं, माझी लाज न राखता.

लांबच्या प्रवासाहून सुखरूप आलेल्याला सिनेगॉगमध्ये तोराच्या पोथीपाशी बोलावतात, तो देवाचे आभार मानतो. मला बोलावणार नाहीत हे केल्मनच्या तोंडावरून कळलं. तेव्हा ठरवलं, जुना हक्क वापरायचा. आमच्यात ज्याच्यावर अन्याय झाला त्याने वाचनाआधी टेबलावर थाप मारायची. त्याचं ऐकल्याशिवाय पोथी उघडत नाहीत. हे कुठल्या घटनेत लिहिलेलं नाही, पण ह्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

मी थाप मारली. बोललो. पाव तास बोललो असेन, कलमांसकट. शेवटी म्हटलं, "जिचा नवरा मारला गेला तिच्या वतीने मी हो म्हणालो, आणि पुन्हा म्हणेन!"

डॉक्टर उठले. "आणि तिच्याच वतीने हे गाव नाही म्हणालं!"

गलका झाला. कुणी "बरोबर!" कुणी "खाली बस!" आणि तेवढ्यात वरच्या सज्जातून ठकठक ऐकू आली. कुणीतरी प्रार्थनेचं पुस्तक कठड्यावर आपटत होतं.

"थांबवा वाचन. मलाही बोलायचंय."

ताईचा आवाज. चार महिन्यांत गावाने तो ऐकलेला नाही. सगळ्या माना वर.

"झेलिग माझ्यासाठी हो म्हणाला. डॉक्टर माझ्यासाठी नाही म्हणाले. चार महिने मी ह्या गावात आहे. मला ह्या गावात एकच प्रश्न विचारला गेला, चहा घेणार का. तोही पेर्लने."

तिने पुस्तक कठड्यावर ठेवलं.

"मला आफ्रिका नको. यरुशलेम मिळालं तर देव तुमचं भलं करो, पण आज मला तेही नको. माझा योइना किशिनेव्हच्या मातीत आहे. एलुल निम्मा सरत आला. त्याच्या कबरीला सूत कोण लावणार? तुम्ही? परत जायला पासपोर्टावर शिक्का लागतो. माझा भाऊ लोकांना हेच अर्ज लिहून देतो ना, म्हणून जुलैत त्याच्या हातात दिला. त्याने कुलपात ठेवला. मला तो परत हवा. झालं माझं. आता वाचा."

आणि ती बसली.

सूत! अरे देवा. माझी आईसुद्धा करायची. एलुल महिन्यात आमच्या बायका कबरस्तानात जातात, आपल्या माणसाच्या कबरीभोवती सूत धरतात, त्याच सुताच्या वाती वळून प्रायश्चित्ताच्या दिवशीची मेणबत्ती करतात. महिनाभर ती माझ्या पायात सूत पसरत होती आणि मला वाटलं, मन रमवतेय.

केल्मनने पोथी उघडली. मला बोलावलंच नाही, आणि मला ते बरं वाटलं.

आज सकाळी ड्रॉवर उघडला. पासपोर्ट शेकेलच्या पावत्यांखाली होता. मुदत संपायला दोन आठवडे. अर्ज लिहिला. असे आठवड्याला तीन लिहितो मी, परक्या लोकांचे. अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं!

८ सप्टेंबर

डॉक्टर रोझेनहेक स्वतःची घोडागाडी घेऊन आले. "चेर्नोव्हित्सला रशियाच्या वकिलातीत एक ओळखीचा आहे," म्हणाले, दुसरीकडे बघत. "बाईंना विचारा, चालेल का."

मी विचारलं. ताई म्हणाली, "चालेल." वाटभर आम्ही तिघे. आफ्रिकेचं नाव कुणी काढलं नाही. डॉक्टरांनी एकदा खोकून ताईला विचारलं की योइना काय काय बनवायचा. ती म्हणाली, "खुर्च्या. न डुगडुगणाऱ्या." मग अर्धा तास खुर्च्यांवरच बोलली. मला ठाऊकच नव्हतं की त्याला अक्रोडाचं लाकूड आवडायचं.

शिक्का मिळाला.

१४ सप्टेंबर, नोव्होसेलित्सा

मला हद्द ओलांडायची परवानगी नाही. लाकडी आडण्यापाशी तिची पेटी मी खाली ठेवली. सूत तिने स्वतःकडेच ठेवलं होतं, पदराखाली धरल्यासारखं शालीत.

"ताई, पुन्हा त्याच लोकांत जाणार?"

"माझ्या घरात जाणार. खिडक्या बसवून घ्यायच्यात थंडीआधी."

"मी हो म्हणालो ते खरंच तुझ्यासाठी होतं गं."

"ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतो."

मग तिने माझी कॉलर नीट केली, लहानपणी करायची तशी, आणि गेली. मी शिपायांसमोर ढसाढसा रडलो. एकाने तोंड वळवलं, तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

यादीचं राहिलं होतं. ती गेली, म्हणजे शाखा पुन्हा नव्याण्णववर. नाव खोडायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. पत्र लिहिलं: "ताई, तुझं नाव ठेवू की काढू?" एवढंच.

३० सप्टेंबर, बुधवार, दुपार

प्रायश्चित्ताचा दिवस आज सूर्यास्तापासून. घाईने लिहितो.

काल तिचं पत्र आलं, सोबत सुताचा एक गुंडा. वाचून पेर्लने डोळ्याला रुमाल लावला, मी चश्मा पुसत बसलो. उतरवून ठेवतो:

"झेलिग, योइनाच्या कबरीला सूत लावलं. शेजारी खूप नव्या कबरी आहेत, ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांनाही लावलं, म्हणून सूत कमी पडलं. उरलं त्याने कबरस्तानाला जमेल तेवढी फेरी मारली, ते जिवंतांसाठीचं. चालताना नावं घेतली. तुझं पहिलं घेतलं, कारण तुला सगळ्यात जास्त गरज आहे. ते सूत पाठवतेय. पेर्लला वाती वळता येतात. दोन खिडक्या झाल्या, एक राहिली. यादीतलं नाव राहू दे. पण माझ्या नावाने काही बोलायचं असेल तेव्हा आधी पत्र टाक."

केल्मनला सांगितलं, शंभर आहेत. तो म्हणाला, "शंभर नाही," आणि हसला. डॉक्टरांना माझ्या चिटणीसपदाचा राजीनामा दिला. त्यांनी तो न वाचता खिशात घातला.

पेर्ल आत्ता समोर बसून वाती वळतेय. तिच्याकडे बघता बघता एक विचार मनात आला, आणि मी तो बोलून टाकला.

"पेर्ल, तो तारेचा ठराव झाला, त्या सभेत तू होतीस?"

"होते की. आत. अठ्ठावीस पेले चहा केला."

"तुझं काय मत होतं? हो की नाही?"

तिचे हात थांबले. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणी अनोळखी माणूस घरात शिरलोय.

"सोळा वर्षांनी विचारतोयस झेलिग," ती म्हणाली. "विचार करायला एक दिवस तरी दे."

दिला.